रसाळ, सुमार आणि आम्ही

खेड तालुक्यातल्या माणसाला डोंगर चढायला कारण लागतं. गुरं हरवली, वणवा लागला, नाहीतर वरच्या वाडीत लग्न निघालं, तर तो चढतो. उगाच वर जाऊन ‘काय सुंदर दिसतंय’ म्हणत खाली येणं आमच्याकडे कामधंदा नसल्याचं लक्षण समजतात. हवा स्वच्छ असली की आमच्या मागच्या पडवीतून रसाळगड, सुमारगड, महिपतगड अशी सगळी रांग दिसते. त्या रांगेचा आमच्या घरात उपयोग एकच. ‘महिपतवर ढग बसलाय, वाळवण आत घ्या,’ असं बाबा ओरडायचे आणि आम्ही वाळवण आत घ्यायचो. शाळेची सहल गेली ती रायगडाला. घरामागचे गड सहलीला न्यायचे म्हणजे पोरांकडून वर्गणी कुठल्या तोंडाने मागायची, हा मास्तरांचा प्रश्न होता.

पुढे मी नोकरीला मस्कतला गेलो. त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्या तालुक्यात कितीतरी घरांचे स्लॅब आखातातल्या पगारावर पडले आहेत. नवल हे की खेडमध्ये असताना ज्या माणसाने बाजारपेठेतून भरणे नाक्यापर्यंत जायलासुद्धा रिक्षा केली, तो मस्कतमध्ये गिर्यारोहक झाला. परदेशात मराठी माणूस एकटा असला की गणपती बसवतो, चौघं असले की ट्रेकला जातात.

आमच्यातला पुणेकर हा मूळ गुन्हेगार. त्याने हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केला होता आणि दर शुक्रवारी जेवणानंतर तो तो पुन्हा करत असे. नागपूरकराला कुठलंही ऊन मान्य नव्हतं. मस्कतचा पारा कितीही चढला तरी तो म्हणायचा, ‘हे काय ऊन आहे का? मे महिन्यात या आमच्याकडे.’ कोल्हापूरकर डोंगराबद्दल काहीच बोलायचा नाही. तो फक्त वर जेवायला काय आहे ते विचारायचा.

एका सुट्टीला आम्ही जबल शम्सला गेलो. ओमानमधला हा सगळ्यांत उंच डोंगर, तीन हजार मीटरच्या आसपास. अर्थात त्यातली बरीचशी उंची आमच्या वतीने भाड्याच्या गाडीने गाठली. वर एका प्रचंड दरीच्या कडेकडेने जाणारी पायवाट आहे आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर दगडांवर पिवळे-पांढरे-लाल पट्टे रंगवून ठेवले आहेत. पट्टा दिसला की तिकडे जायचं. त्यामुळे चुकायची सोय नाही. आम्ही चालत होतो त्यापेक्षा जास्त फोटो काढत होतो, आणि फोटो काढत होतो त्यापेक्षा जास्त तिथल्या शेळ्यांपासून कोल्हापूरकराची पिशवी वाचवत होतो.

दरीकडे बघत पुणेकर म्हणाला, ‘तू खेडचा ना? मग आर-एस-एम म्हणजे तुझ्या अंगणातलंच.’

हे आर-एस-एम म्हणजे काय, ते मला कळायला थोडा वेळ लागला. रसाळ, सुमार, महिपत. ट्रेक करणाऱ्या मंडळींनी आमच्या गडांची अशी इंग्रजी आद्याक्षरं करून टाकली होती आणि आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं.

‘अंगणातलंच,’ मी म्हणालो.

यात खोटं काय होतं? अंगणातून दिसतातच.

‘सुमारचा शेवटचा कातळ म्हणे भयंकर आहे. कसा आहे?’

‘कातळासारखा आहे,’ मी म्हणालो आणि खूप काही बघितलेल्या माणसासारखा गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा तिघांवर इतका परिणाम झाला की डिसेंबरच्या रजेत आर-एस-एम करायचं तिथल्या तिथे ठरलं आणि वाटाड्या म्हणून माझी बिनविरोध निवड झाली.

लगेच व्हॉट्सअॅपवर ‘मावळे मस्कतचे’ असा गट निघाला. सुरुवातीला त्यात बरेच मावळे होते. टी-शर्टचा रंग भगवा की काळा यावर बरेच दिवस चर्चा चालली, मागे लिहायच्या मजकुरावर दोघांचं कायमचं बिनसलं, आणि तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा एकेका मावळ्याच्या घरी वास्तुशांत, मुंज आणि पाठीतला मणका निघाला. आम्ही चौघंच उरलो. आमच्या बायकांनी मात्र बेताला एकमुखाने पाठिंबा दिला. खरं म्हणजे तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुणेकराच्या सामानात दोन घडीच्या काठ्या, कपाळावरचा दिवा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, उंची-नाडी-झोप-पावलं सांगणारं घड्याळ आणि तळहातावर मावणारा स्टोव्ह होता. स्टोव्हला लागणारा गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही, हे त्याला विमानतळावर कळलं. स्टोव्ह मात्र आला, आणि तिन्ही गड फिरून परतही गेला.

कोकणकन्या माणसाला खेडला भल्या पहाटे उतरवते. घरी पोचलो तेव्हा आई चहा टाकून बसली होती. आमचे बूट, काठ्या, पाठीवरची बोचकी तिने नीट बघून घेतली.

‘तुमच्या त्या मस्कतात डोंगर नाहीत काय रे?’

‘आहेत की. खूप आहेत.’

‘मग? ते संपले?’

यावर चौघांकडेही उत्तर नव्हतं. शेजारच्या काकूंनी तर मला विहिरीपाशी गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘नोकरी आहे ना रे बाबा? लपवू नकोस. काकांची लोट्याला एका कंपनीत ओळख आहे.’ आई तोवर आमच्या बोचक्यांत भाकऱ्या, सुकटीची चटणी, नाचणीचे लाडू आणि डबाभर घावणे कोंबत होती. पुणेकर म्हणाला, ‘काकू, आमच्याकडे एनर्जी बार आहेत.’ आईने ते कागद उलगडून पाहिले, हुंगले, कागदासकट परत दिले आणि आणखी दहा भाकऱ्या घातल्या.

भरणे नाक्यावर जीप ठरवली. रसाळगडाकडे जाताना वाटेत निमणी लागतं आणि पुढे आता रस्ता पार गडाखालपर्यंत गेला आहे.

‘वरपर्यंत सोडतो,’ ड्रायव्हर म्हणाला.

‘नको, निमणीलाच सोडा. पुढे चालत जाऊ,’ पुणेकर म्हणाला.

‘पैसे तेवढेच पडतील.’

‘चालेल.’

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. स्थानिक माणसाने स्थानिक माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

रसाळगडाने आम्हाला फसवलं, कारण तो सोपा आहे. दरवाजे लागतात, तटावरून हिंडता येतं, वर झोलाई-वाघजाईचं देऊळ आहे, समोर पाण्याचा तलाव, आणि तोफा तर इतक्या की पुणेकराला कुठल्या तोफेवर हात ठेवून फोटो काढावा ते ठरवता येईना. वाटेत त्याने आम्हाला इतिहास सांगितला. चढावर सांगितल्यामुळे तो जरा तुटक होता. ‘जावळीचे... मोरे... महाराजांनी... सोळाशे... छप्पन्न...’ इथे त्याने एका झाडाला धरलं. छप्पन्न साली काय झालं ते आम्हाला पठारावर पोचल्यावर कळलं. जावळी घेतली. रात्री देवळाच्या ओवरीत भाकऱ्या खाल्ल्या, चांदणं पाहिलं आणि ‘यात काय एवढं?’ असं एकमेकांना म्हणत झोपलो. नागपूरकर तर म्हणाला, ‘हे काय डोंगर आहेत का?’ पण नागपूरला त्याहून मोठे कुठले, ते काही त्याला सांगता आलं नाही.

रविवारी सकाळी सुमारगडाकडे निघालो. रसाळ आणि महिपत यांच्या मधला हा गड. वाट सगळी दाट झाडीची, ढोरवाटांनी भरलेली. दर पन्नास पावलांवर वाटेला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा तेवढ्याच आत्मविश्वासाने कुठेतरी जातो. इथे पिवळे-पांढरे-लाल पट्टे नाहीत. प्रत्येक फाट्यावर तिघं थांबून माझ्याकडे बघायचे.

‘आता कुठे?’

‘वर,’ मी म्हणायचो.

हे उत्तर बराच वेळ पुरलं. मग वाट खाली उतरायला लागली.

तेव्हा पुणेकराने फोन काढला. त्यात त्याने आधी कुणीतरी केलेल्या ट्रेकची रेघ उतरवून घेतली होती. त्या रेघेवरून चालायचं, की गड येतोच. आम्ही चालू लागलो. रेघ डावीकडे गेली, आम्ही डावीकडे गेलो. रेघ एका ओढ्यात उतरली, आम्ही उतरलो. रेघ ओढ्यातून परत वर आली, तर आम्हीही आलो. मग रेघेने एका मोठ्या आंब्याच्या झाडाला दोन प्रदक्षिणा घातल्या. आम्ही पहिली प्रदक्षिणा श्रद्धेने पूर्ण केली. दुसरी अर्धी झाल्यावर कोल्हापूरकर म्हणाला, ‘भावा, हे चुकलेल्या माणसाच्या मागनं आपण चाललोय.’

खरंच होतं ते. त्या कुणा सज्जनाने आपलं चुकणं पावलापावलाने नोंदवून ठेवलं होतं आणि आम्ही ते जसंच्या तसं गिरवत होतो. रेघेतून एक छोटा फाटा निघून करवंदीच्या जाळीमागे गेला होता आणि तिथे बराच वेळ थांबून परत आला होता. तिथेही आम्ही जाऊन आलो. तिथे तो का थांबला असावा, हे आम्हाला तिथे पोचल्यावरच कळलं.

याच प्रदक्षिणांच्या काळात नागपूरकराला एका वेलीवर सोनेरी मखमली शेंगा दिसल्या. ‘किती मऊ!’ म्हणत त्याने दोन्ही हातांनी त्या कुरवाळल्या आणि मग घाम पुसला. आधी कपाळाचा, मग मानेचा, मग टी-शर्ट वर करून पोटाचा. खाजकुयली ही वनस्पती निदान मला तरी ओळखता यायला हवी होती. पण मी तेव्हा झाडापलीकडे ‘वर’ कुठे आहे ते शोधत होतो. पुढची पंधरा मिनिटं नागपूरकराने जे नृत्य केलं, त्याचा व्हिडिओ अजून गटावर आहे. तो बघून गट सोडलेले दोन मावळे परत आले.

त्या आरडाओरड्याने आधी कुत्री आली, मग कुत्र्यांच्या मागून मामा आले. धनगरवाड्यावरचे. कमरेच्या आकडीला कोयती, पायात झिजलेली चप्पल, वय विचारायची सोय नाही. त्यांनी नागपूरकराला वाड्यावर नेलं, गोठ्यातलं ताजं शेण उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्या अंगाला फासलं. बराच वेळ वाळू दिलं, मग खरवडलं. खाज कमी झाली. महागातल्या टी-शर्टाने घाम लगेच वाळतो असं दुकानदाराने सांगितलं होतं. शेणही लगेच वाळलं.

ताक पाजता पाजता मामांनी विचारलं, ‘कुठून आलाव?’

‘मस्कतहून.’

‘ते कुठं आलं?’

‘समुद्रापलीकडे. पण मी इथलाच, खेडचा.’

मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘खेडचे? मग वर कदी आलेलं बघितलं नाय. इथनं जातो त्यो माणूस वाड्यावर पानी पिऊन जातो.’

तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी ताकात मीठ कमी असल्याचं सांगितलं.

मामा पुढे निघाले आणि आम्ही मागे. ‘मामा, अजून किती?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे निरनिराळी मापं होती. ‘ह्यो काय, आलाच’ म्हणजे तास. ‘त्या टेपाडापल्याड’ म्हणजे दोन तास. ‘हाकेवर’ म्हणजे हाक कुणाची त्यावर अवलंबून, बहुधा देवाची. ‘लांब हाय जरा’ असं ते एकदाच म्हणाले, तेव्हा पुणेकर वाटेतच बसला. त्याचं घड्याळ मधूनमधून थरथरून त्याला शाबासकी देत होतं. दुपारनंतर त्याने ‘तुम्हाला विश्रांतीची गरज आहे’ असा संदेश दिला आणि स्वतः बंद पडलं. आमच्यापैकी विश्रांती मिळाली ती त्याला एकट्यालाच.

सुमारचा तो कातळ आला. आमच्या गडाच्या नावावरून कुणी गैरसमज करून घेऊ नये. एका बाजूला उभा दगड, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि मधे पाऊल टेकण्यापुरती जागा. मामा बोलत बोलत वर गेले आणि वरून म्हणाले, ‘या.’

आम्ही तिथेच थांबलो. अशा जागी माणूस अत्यंत प्रामाणिक होतो. पहिल्यांदा नागपूरकर बोलला. तो म्हणाला की आपल्याला ऊन सोसत नाही, लहानपणापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आजोळी चिखलदऱ्याला जायचा. मग पुणेकराचा आवाज आला. बारीक होता, पण स्पष्ट होता. नळीच्या वाटेवर तो अर्ध्यातूनच परतला होता आणि दुसऱ्या दिवशी पाचनईच्या सोप्या वाटेने गडावर गेला होता. कोल्हापूरकर म्हणाला, ‘मला पहिल्यापासूनच यायचं नव्हतं. बायकोनं नाव दिलंय माझं.’ मी काही बोललो नाही. मामांनी माझ्या वतीने आधीच सांगून टाकलं होतं.

एवढं झाल्यावर सगळ्यांना हलकं वाटलं. मामांनी वरून एकेकाचा हात धरला आणि ‘खाली बगू नको’ असं इतक्या वेळा सांगितलं की आम्ही दर वेळी खाली बघितलं. पण चढलो. वर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. पुणेकराने गोळ्या काढल्या, बाटलीत टाकल्या आणि अर्धा तास थांबायचं म्हणून घड्याळात बघितलं. ते बंद होतं. मामांनी ओंजळीने पाणी पिऊन घेतलं.

आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या घरी फोन लागायला माणसाला पडवीच्या कोपऱ्यातल्या माठावर एक पाय ठेवून उभं राहावं लागतं. सुमारगडाच्या माथ्यावर मात्र सगळ्या दांड्या भरल्या होत्या. रविवार हा ओमानात कामाचा दिवस. साहेबांना एका फायलीचा पासवर्ड हवा होता.

‘किती धापा टाकतोयस, कुठे आहेस?’

‘घरी. अंगणात,’ मी म्हणालो. यावर पुणेकर इतका हसला की मामांना त्याला धरावं लागलं.

सुमार ते महिपत या वाटेबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मला ती आठवतच नाही. मामांचा पाठीवरचा सदरा, त्याच्या मागे कोल्हापूरकराची पाठ, त्याच्या मागे मी, एवढंच लक्षात आहे. मधेच गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या तीन बायका आमच्या मागून आल्या, आमच्यातून वाट काढून पुढे गेल्या आणि गप्पा मारत दिसेनाशा झाल्या. ‘आपणही गप्पा मारत चालू,’ असं पुणेकर म्हणाला. कुणी मारल्या नाहीत.

महिपतगडाचं दुःख वेगळंच. तो चांगला तीन हजार फुटांच्या आसपास उंच, आणि वरचा माथा जवळजवळ सव्वाशे एकरांचा, तोही झाडीने भरलेला. त्यामुळे गडावर पोचल्यावर गड सापडत नाही. आम्ही वर येऊन उभे राहिलो आणि पुणेकराने विचारलं, ‘मामा, गड कुठेय?’ मामांनी पायाखाली बोट दाखवलं. गडाला सहा दरवाजे होते म्हणतात. त्यातला एक खेड दरवाजा. आपल्या गावाच्या नावाचा दरवाजा आहे हे कळल्यावर माझी छाती फुगली. ‘दाखव की मग,’ नागपूरकर म्हणाला. मी अंधारात दक्षिणेकडे बोट दाखवलं. दक्षिण कुठली, हेसुद्धा मामांनीच सांगितलं होतं.

पारेश्वराच्या देवळात मुक्काम केला. मामांनी तीन दगडांची चूल मांडली, पिठलं-भात रांधला आणि पुणेकराचा स्टोव्ह हातात घेऊन उलटसुलट बघितला. ‘ह्ये काय करतं?’ असं त्यांनी विचारलं. पुणेकर म्हणाला, ‘काही नाही करत.’ कोल्हापूरकराने त्या पिठल्याला आयुष्यात पहिल्यांदा पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीला बसवलं. रात्री थंडी होती. कोण घोरलं यावर सकाळी वाद झाला. घोरण्याचे आवाज पाच होते आणि आम्ही चारच जण घोरत होतो असं मामांचं म्हणणं, कारण ते झोपलेच नव्हते.

सकाळी पूर्वेला मकरंदगडाची शिखरं उजळली. पुणेकर उठून उभा राहिला, तिकडे बघितलं आणि म्हणाला, ‘पुढच्या रजेत...’ कोल्हापूरकराने त्याच्या तोंडात नाचणीचा लाडू घातला.

उतरून दहिवलीला आलो. मामांनी पैसे मोजून घेतले, त्यातले थोडे परत दिले आणि ‘एवढं चालत नाय कुणी’ असं म्हणून आल्या वाटेने वर निघून गेले. आम्ही एसटीत चढलो. चढलो म्हणजे दांडीला धरून एकेक पाय हाताने उचलून आत ठेवला. आधीच बसलेल्या एका आजींनी पायाशी दोन कोंबड्या आणि मांडीवर पिशवी घेतली होती. नागपूरकराच्या अंगाला अजून थोडा गोठ्याचा वास होता, म्हणून कोंबड्यांनी त्याच्याकडे आपुलकीने पाहिलं.

‘कुठं गेलेलाव?’ आजींनी विचारलं.

‘महिपतगडावर. रसाळ, सुमार, महिपत, तिन्ही केले,’ पुणेकर म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता.

‘कशाला?’

‘बघायला.’

‘बगितलाव?’

‘हो.’

‘मग बरं झालं,’ म्हणून आजी उठल्या आणि नागपूरकराचा दंड धरून त्याला आपल्या जागेवर बसवलं. तो काहीही न बोलता बसला. कोंबड्याही त्याच्याकडे दिल्या.

तेवढ्यात कंडक्टर आला. त्याने दांड्यांना लोंबकळणाऱ्या आम्हा तिघांना आणि कोंबड्यांच्या मधे मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या चौथ्याला एकदा पाहिलं, पंच टिकटिकवला आणि अदबीने विचारलं,

‘पंच्याहत्तरच्या वरचे किती? त्यांना फुकट आहे.’

पुणेकराने हात वर केला.